शेकोटी आत गेली : पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीतला हिवाळा

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोसायटीचे रात्रीचे वॉचमन पहाटे केबिनमध्ये बेशुद्ध सापडले. पायाशी निखाऱ्यांचं घमेलं होतं, दार लावलेलं होतं आणि दारावरच्या झरोक्यात थर्माकोलचा तुकडा घट्ट बसवलेला होता. ते वाचले. पण ते घमेलं बाहेरून आत का गेलं, याचा माग काढत गेलं की तो आमच्या नोटीस बोर्डावरच्या एका कागदापाशी येऊन थांबतो. त्या कागदाखाली सही माझी आहे. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो, आजही आहे. हिवाळ्याचे कार्यक्रम आखणाऱ्या इतर कमिट्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून घडलं तसं लिहितो आहे. सोसायटी, सुरक्षा एजन्सी, दवाखाना आणि माणसं यांतल्या कोणाचंही नाव देत नाही.

वस्ती आणि तिचा हिवाळा

नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या पुढे, वडनेरच्या अंगाला आमची ५६ रो-हाऊसेस आहेत. तीन बाजूंना वस्ती वाढली, चौथ्या बाजूला कंपाऊंडला लागून अजून उसाचं रान आहे. राहणारे बहुतेक अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले, काही नोटप्रेसमधून निवृत्त झालेले, काही ओझरला एचएएलमध्ये जाणारे, बाकी शाळा आणि बँकांतले. पावसाळ्यात गळती आणि उन्हाळ्यात पाणी यावरून आमचं एकमेकांशी वाजतं. हिवाळ्यात मात्र सोसायटी एकत्र येते. नाशिककराला थंडीचं कौतुकच मोठं. सकाळी निफाडचा पारा किती उतरला हे एकमेकांना सांगितल्याशिवाय चहा जात नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा शहरापेक्षा तीन-चार अंशांनी कमी असतो आणि कडाक्याच्या दिवसांत पाचाच्या खालीही जातो. आम्ही तो आकडा स्वतःच्याच घरातला असल्यासारखा मिरवतो.

सुट्टीचं वेळापत्रकही ठरलेलं. नाताळच्या सुट्टीत मुलांच्या स्पर्धा, ३१ डिसेंबरला कॉमन प्लॉटवर शेकोटी, जानेवारीच्या पहिल्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणं, मग भोगीचं एकत्र जेवण, संक्रांतीला गच्चीवर पतंग आणि रथसप्तमीपर्यंत बायकांची हळदीकुंकवं. भोगीच्या जेवणाला माझ्या मते तोड नाही. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, पावटे-हरभरे-वांगी-गाजर-बोरं घातलेली लेकुरवाळी भाजी आणि वर लोण्याचा गोळा. ५६ घरांतल्या भाज्या एका पातेल्यात येतात.

गेल्या वर्षी या सगळ्याला दोन बातम्यांची जोड होती. थंडी लवकर पडली आणि बिबट्या दिसल्याचे मेसेज फिरू लागले. वडनेर, पाथर्डी, पिंपळगाव खांब हा सगळा पट्टा वालदेवी नदीच्या काठाचा. पलीकडे देवळालीचं लष्करी हद्दीतलं झाडोऱ्याचं रान आहे, अलीकडे ऊस. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते आणि हंगामात तोड सुरू झाली की तिचा आडोसा जातो. मग ती कुत्र्यांच्या, डुकरांच्या मागे वस्तीकडे येते. आमच्या कंपाऊंडपलीकडच्या रानात तोडीची टोळी नोव्हेंबरच्या अखेरीस उतरली होती.

परिपत्रक

१५ डिसेंबरला मी हिवाळी परिपत्रक काढलं. एकच पान, आठ मुद्दे. आज ते वाचताना माझी नजर तीन मुद्द्यांवरच अडकते.

दुसरा मुद्दा असा होता : 'परिसरात बिबट्याचा वावर असल्याने रहिवाशांनी रात्री ९ नंतर एकट्याने बाहेर पडू नये, ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नये. बिबट्या दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.' तिसरा : 'गेटजवळ शेकोटी पेटवण्यास सक्त मनाई आहे. सुरक्षारक्षकाने रात्री ११ ते पहाटे ५ दर तासाला शिट्टी वाजवत संपूर्ण फेरी मारावी.' आणि सहावा : '३१ डिसेंबर रोजी रात्री ८ वाजता कॉमन प्लॉटवर भव्य शेकोटी. लाकडांची व्यवस्था सोसायटीतर्फे.'

तिघं एकाच पानावर, एकमेकांच्या खाली होते. कमिटीतल्या सातजणांनी वाचलं, ग्रुपवर ५६ घरांनी वाचलं, अंगठे आले. रात्री एकट्याने बाहेर पडू नका असं आपण एकाला सांगतो आहोत आणि दर तासाला एकट्याने फिरा असं दुसऱ्याला, हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी तर ते टाईप केलं होतं.

शेकोटीबंदीला कारण नव्हतं असं नाही. गेटला लागून दोन नंबरच्या घरात राहणाऱ्या मावशींना दमा आहे. वॉचमनकाका जे हाती लागेल ते जाळायचे. कुरिअरचे खोके, फर्निचरच्या कामातून उरलेले प्लायवूडचे तुकडे, कधी रेक्झीन. त्या धुराने मावशींना रात्र रात्र बसून काढावी लागे. त्यांनी दोनदा लेखी तक्रार दिली आणि ती शंभर टक्के रास्त होती. उघड्यावर कचरा जाळायला घनकचऱ्याच्या नियमांनीही बंदी आहे. तक्रार आली, नियम आहे, बंदी घातली. इतकं ते सरळ वाटलं. शेकोटी बंद केल्यावर तो माणूस ऊब कुठून आणणार, हा प्रश्न बैठकीच्या वृत्तांतात नाही. वृत्तांत मीच लिहितो, म्हणून खात्रीने सांगतो.

उलट आम्ही त्यांची सोय केली असंच आम्हाला वाटत होतं. परिपत्रकानंतर चार दिवसांनी काकांनी मला गेटवर थांबवून सांगितलं, ''साहेब, वरून लई वारं येतं.'' केबिन म्हणजे पाच बाय सहा फुटांचा पत्र्याचा खोका, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, दारावर वीतभर उंचीचा जाळीचा झरोका. मी त्याच संध्याकाळी प्लंबरकडून झरोक्यात थर्माकोल बसवून घेतला, खिडकीच्या फटीला रबरी पट्टी लावून घेतली. काकांनी हात जोडले. मला बरं वाटलं होतं.

२८ डिसेंबरची रात्र

काका सुरगाण्याकडचे, पन्नाशीचे. पाथर्डी गावात एका खोलीत बायको आणि धाकट्या मुलासह राहतात. त्या रात्री शहरातच पारा नऊच्या आसपास होता. त्यांनी नंतर जे सांगितलं ते असं : एक वाजेपर्यंत फेऱ्या मारल्या. दोन वाजता उसाच्या बाजूला कुत्री एकदम भुंकून एकदम गप्प झाली. तेव्हा ते केबिनमध्ये आले. बाजूच्या प्लॉटवर बांधकामाच्या मजुरांनी स्वयंपाकासाठी पेटवलेली चूल होती. तिच्यातले विझत आलेले निखारे त्यांनी घमेल्यात भरून आणले, धूर येत नाही हे नीट बघून घेतलं आणि दार लावून घेतलं.

धूर येत नाही, इथेच सगळा घात आहे. ज्वाळा विझल्या, धूर थांबला की आपल्याला वाटतं आता धोका गेला. पण निखारा धुमसत असतो तेव्हा त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. थंडीत ऊब मिळालेल्या माणसाला ती गुंगी झोपच वाटते. दोनशे घनफुटांच्या त्या खोक्याला एकच झरोका होता आणि तो मी बंद केला होता.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी दूधवाल्याने गेटवर हॉर्न वाजवला. रोज दुसऱ्या हॉर्नला गेट उघडतं. चौथ्यालाही उघडलं नाही तेव्हा तो गेटवरून चढून आत आला, काचेतून बघितलं आणि दार ओढलं. काकांना काखेत धरून बाहेर ओटीवर आणण्याचं काम त्याने एकट्याने केलं. बोंब ऐकून पहिले बाहेर आले ते दोन नंबरच्या घरातले लोक.

ऑक्सिमीटरवरचे ९८

पुढची पंधरा मिनिटं मी मुद्दाम तपशिलात सांगतो, कारण ती कुठेही अशीच घडू शकतात.

काकांना थोडी शुद्ध आली होती, पण बोलणं अडखळत होतं, उलटी झाली होती. कोणी म्हणालं थंडीने गारठले, कोणी म्हणालं प्यायले असतील. (ते पीत नाहीत.) आमचे खजिनदार घरातून ऑक्सिमीटर घेऊन धावत आले. कोविडपासून तो घरोघरी आहे. बोटाला लावला, आकडा आला ९८. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ''ऑक्सिजन ठीक आहे, चहा पाजा, पडू द्या घरात,'' असं ठरतही आलं होतं.

तेवढ्यात एकतीस नंबरच्या ताई आल्या. त्या एका दवाखान्यात परिचारिका आहेत. त्यांनी आधी केबिनमध्ये डोकावून घमेलं बघितलं आणि मग म्हणाल्या, ''तो आकडा बघू नका. याच्यात तो खोटाच येतो.'' बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या लालीवरून अंदाज बांधतो. हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलाय की कार्बन मोनॉक्साईड, हा फरक त्याला कळत नाही. म्हणून विषबाधा झालेल्या माणसाचाही आकडा ९७-९८ दिसू शकतो. खरं प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळतं. ताईंनी काकांना कुशीवर निजवलं, भोवतीची गर्दी हटवली, १०८ ला फोन करून 'बंद खोलीत कोळसा' हे शब्द आधी सांगितले. त्यामुळे रुग्णवाहिकेत बसताक्षणी तोंडावर मास्क लागला.

साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण प्राणवायू दिला तर तास-दीड तास. चहा पाजून घरी निजवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. विसराळूपणा, चालताना तोल जाणं अशी लक्षणं काही आठवड्यांनंतरही उमटू शकतात, म्हणून पुन्हा दाखवायला सांगितलं. फेब्रुवारीत दाखवलं. बरे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून विचारलं, ''काका, आत कशाला नेलंत घमेलं?'' त्यांनी अगदी सरळ उत्तर दिलं. ''बाहेर पेटवू नका म्हनलं होतं ना, साहेब. मंग आत नेलं.''

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आज्ञा पाळली, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

तीन रात्री

एजन्सीने बदली माणूस द्यायला तीन दिवस मागितले. दवाखान्याच्या बिलाचं विचारल्यावर उडवाउडवी केली. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा लागू होऊ शकतो, सातपूरला त्याचं रुग्णालयही आहे. पण आमच्या वॉचमनच्या नावे वर्गणी भरली जाते का, त्यांच्याकडे कार्ड आहे का, हे चार वर्षांत आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. करार करताना दर महिन्याचा आकडा तेवढा बघितला होता. बिल शेवटी सोसायटीने भरलं.

राहिला गेटचा प्रश्न. अध्यक्षांनी, ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आम्ही सर म्हणतो त्यांना, ग्रुपवर लिहिलं : 'आजपासून तीन रात्री आपण बसू. दोघा-दोघांची पाळी. पहिली माझी.' ३१ तारखेची शेकोटी रद्द झाल्याचंही त्याच मेसेजमध्ये होतं. त्यावरून वाद झाला. लाकडं आणलेली आहेत, मुलं महिनाभर वाट बघताहेत, एका अपघातासाठी सगळ्यांचा आनंद का घालवायचा, असं काहींचं म्हणणं होतं. मला ते तेव्हा फार लागलं होतं. आता वाटतं, त्यांची मुलं खरंच वाट बघत होती आणि ते खोटं बोलत नव्हते.

माझी पाळी ३० तारखेला रात्री २ ते ५ होती, सोबत खजिनदार. स्वेटर, त्यावर जॅकेट, कानटोपी, मफलर, पायात दोन मोजे. अडीचला आम्ही दोघं बोलायचे थांबलो. त्या पत्र्याच्या खोक्यात बाहेरच्यापेक्षा जास्त गार वाटत होतं आणि वरून थेंब पडत होते. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता वर आभाळात टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. मग आतल्या माणसाच्या श्वासातली वाफ त्यावर धरते आणि गळते. काका चार हिवाळे त्या थेंबांखाली बसले होते. तीनच्या फेरीला उसाच्या कडेने जाताना खजिनदारांनी माझा दंड धरला. आमच्याकडे दोन टॉर्च होते, आम्ही दोघं होतो आणि रस्ता आपलाच होता, तरी ते दीडशे पावलांचं अंतर संपेना. त्या बाजूच्या चार दिव्यांपैकी तीन बंद होते. मी गेली तीन वर्षं त्या रस्त्याने रोज सकाळी फिरायला जातो. रात्री तिथे दिवा नाही हे मला तेव्हा कळलं.

सरांनी गेटच्या रजिस्टरमध्ये एक पद्धत घातली होती : प्रत्येकाने आपल्या पाळीत जे दिसेल ते लिहायचं. तीन रात्रींची सहा पानं भरली. 'पाण्याची बाटली हातात धरवत नाही.' 'लघवीला जायची सोय नाही, घरी जाऊन आलो. काका कुठे जात असतील?' 'खुर्चीची एक पट्टी तुटलेली आहे.' '३.४० : भीती वाटली.' हे शेवटचं वाक्य एका पंचविशीतल्या मुलाचं आहे. ३१ च्या रात्री त्याने मित्रांबरोबर बाहेर जायचं सोडून पाळी घेतली होती.

निफाडचा धूर

पक्ष्यांची सहल रद्द करायची नाही असं ठरलं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला बस निघाली, ३८ जण, त्यांत १७ मुलं. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० साली तो दर्जा मिळाला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत साचत झालेली ही पाणथळ जागा. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे, सगळं मिळालं. पण या प्रकरणाच्या दृष्टीने सहलीतली महत्त्वाची जागा वाटेत होती.

निफाडच्या अलीकडे उजाडता उजाडता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या दिसल्या. पारा खाली गेला की मणी तडकतात, फुगवण थांबते. म्हणून शेतकरी रात्रभर जागून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करतात, पहाटे ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. आणि त्या सगळ्या बागांवर धूर सरळ चादर अंथरल्यासारखा पसरला होता. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, ''धूर वर का जात नाही?''

सरांनी बस थांबवून सांगितलं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि वर मात्र तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर असतो. धूर थोडा चढतो आणि त्या थराला झाकणासारखा अडतो. दिवसा असं नसतं, ऊन पडलं की झाकण उघडतं. शेतकऱ्याला हेच हवं असतं. ऊब आणि धूर वेलींच्या भोवतीच राहावा म्हणून तर तो जागतो.

मागच्या सीटवर दोन नंबरच्या मावशी बसल्या होत्या, नाकाला शाल लावून. त्या म्हणाल्या, ''म्हणजे आपल्या गेटचा धूर माझ्याच घरात का येतो, ते हे.'' काकांनी प्लायवूडऐवजी चंदन जाळलं असतं तरी थंडीच्या रात्री त्याचा धूर मावशींच्या खिडकीतच गेला असता. बंदी घालताना आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आणि कॉमन प्लॉटवरची आमची भव्य शेकोटी मावशींच्या घरापासून फक्त सत्तर पावलांवर होणार होती.

विशेष सभा

पाच पूर्ण दिवसांची नोटीस देऊन जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा घेतली. गणपूर्तीला २० सभासद लागतात, ४१ आले. आमच्या सभांना एवढी उपस्थिती मी पहिल्यांदाच बघितली.

पहिला अर्धा तास चूक कोणाची यात गेला. एजन्सीने प्रशिक्षण दिलं नाही, काकांना अक्कल नको का, कमिटीने बघायला हवं होतं. मी उठून परिपत्रकाचे दुसरा, तिसरा आणि सहावा हे तीन मुद्दे क्रमाने वाचून दाखवले आणि ते मी लिहिले आहेत असं सांगितलं. त्यानंतर चर्चा कामाला लागली.

केबिनचं काम एकमताने मंजूर झालं. झरोका उघडला आणि समोरच्या भिंतीत खाली दुसरा केला, म्हणजे हवा खेळती राहील. पत्र्याखाली लाकडी फळ्यांचं छत, पायाखाली फळी, दाराला जाड पडदा, नवी खुर्ची. आत कोणत्याही प्रकारचा विस्तव न्यायचा नाही, आणि का नाही, हे मोठ्या अक्षरांत आत लावलं. नुसतं 'सक्त मनाई' आम्ही आता कुठेच लिहीत नाही. ताईंनी नव्या बदली वॉचमनला आणि दिवसाच्या वॉचमनला समोर बसवून निखाऱ्याचं समजावून सांगितलं.

उबेसाठी ८०० वॅटचा दोन नळ्यांचा हीटर घेतला. एक नळी लावली की ४०० वॅट, सहा तासांत जेमतेम अडीच युनिट. हा आकडा कळल्यावर सभेत क्षणभर कोणी काही बोललं नाही. कॉमन प्लॉटवरच्या कारंज्याला आम्ही याहून जास्त वीज देतो. उसाच्या बाजूचे तिन्ही दिवे त्याच आठवड्यात लागले. फेऱ्या दर तासाऐवजी दोन तासांनी झाल्या. क्लबहाऊसच्या बाहेरच्या स्वच्छतागृहाची किल्ली गेटवर ठेवली. आणि एजन्सीच्या करारात विम्याचं कार्ड, वर्गणीची पावती आणि गरम कपडे ही तीन कलमं घातली.

यात मला एक गोष्ट आवर्जून नोंदवायची आहे. सभेने घोंगडीसाठी रक्कम मंजूर केली तोवर महिला मंडळाने ती घेऊनही टाकली होती. दर संक्रांतीला वाणासाठी जी वर्गणी निघते तिच्यातून त्यांनी दोन घोंगड्या आणि तीन स्वेटर आणले, सफाईवाल्या मावशींसाठीही, आणि त्यासाठी कोणाची मंजुरी मागितली नाही.

शेकोटीवर मात्र एकमत झालं नाही. काकांचं स्वतःचं म्हणणं होतं की हीटरने पाय शेकतात, पण उजेड आणि ज्वाळा असली की जनावर लांब राहतं, माणसालाही सोबत वाटते. मावशींचं म्हणणं, हीटर आहे, दिवे आहेत, मग विस्तव नको. मतदानात मावशींची बाजू जिंकली. कॉमन प्लॉटवरचीही शेकोटी त्याच ठरावात कायमची बंद झाली. गेटवर जे नाही ते आत प्लॉटवरही नाही, असं सरांनी मांडलं आणि ते मला पटलं. संक्रांतीची सूचनाही आम्ही पुन्हा लिहिली. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, हे आधीच्या परिपत्रकात एका ओळीत होतं. या वेळी गच्चीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाची रीळ मोठ्यांनी हाताने तपासली आणि साधा सुती दोरा नसलेल्यांना तो दिला.

अजून उघडं

काका फेब्रुवारीपासून पुन्हा कामावर आहेत, त्यांच्या सांगण्यावरून दिवसपाळीला. रात्री नवा मुलगा आहे, पेठकडचा, बावीस वर्षांचा. तो एकटाच असतो.

सभेत शेवटचा ठराव होता डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री दुसरा माणूस ठेवण्याचा. एजन्सीचा दर महिन्याला १४,००० रुपये, तीन महिन्यांचे ४२,०००, घरटी ७५०, म्हणजे महिन्याला २५०. तोवर दोन तास उलटून गेले होते, काहीजण उठून गेले होते. १९ विरुद्ध १७ मतांनी तो पुढे ढकलला गेला. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा की दिवे लागले, हीटर आला, आता गरज उरली नाही. मला तो मान्य नाही, कारण भीती वाटल्याची नोंद विजेच्या दिव्याखाली, गेटपाशी बसून झालेली आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ठराव तिच्यापुढे पुन्हा ठेवतो आहे, आकडा तोच आहे. विषयपत्रिकेसोबत प्रत्येक घरात रजिस्टरमधल्या त्या सहा पानांची झेरॉक्स जाईल. ५६ संच काढून ठेवले आहेत.